दुसरा नकार

रविवारी सगळ्यांना एका खोलीत बसवा, असं सिस्टरने फोनवर सांगितलं तेव्हाच ताईने ओळखलं, काहीतरी मोठं आहे. त्या घराण्यात सगळी माणसं एका खोलीत बसायची ती कुणी गेलं तरच.

"ह्यांचा व्हिसा नाकारलाय," सिस्टर म्हणाली होती. "का, ते रविवारी सांगते. सगळ्यांसमोर." आवाज तिचा ड्यूटीवरचा होता. सुई टोचण्याआधी नर्सा काढतात तो, गोड आणि बिनमायेचा.

सिस्टर म्हणजे बारक्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा आप्पांनी सुनेला पहिला प्रश्न विचारला होता, "दवाखान्यात तुला काय म्हणतात गं?" "सिस्टर." "मग इथंही तेच. आता या वयात नवीन नाव कुठं पाठ करत बसू." तेव्हापासून ती सगळ्यांची सिस्टर. सख्खी बहीण घरात ताई, पण सिस्टर म्हणून हाक दुसरीला, यावर ताईने नऊ वर्षं विनोद केले. आणि बारक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, पोट पुढे आलं, केस मागे गेले, पण तो बारक्याच राहिला.

मागच्या थंडीत सिस्टरला परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. आधी तिने जायचं, बस्तान बसवायचं, मग नवऱ्याला बोलवायचं, असं ठरलं. कागदोपत्री ती स्पॉन्सर आणि हा डिपेंडंट. दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, त्यावरून बारक्याला पुरता हैराण केला होता. "अरे, आम्ही सगळेच बायकोवर अवलंबून असतो. तुला फक्त सरकारी शिक्का मिळतोय." बारक्या हसायचा. तो कशालाही हसायचा.

बारक्या गेला की घरात उरणार होती ताई, आणि पलंगावर आप्पा. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

ताईचं वय बावन्न. लग्न झालं नाही, त्याची कारणं या घराण्याच्या मागच्या पिढीत पुरलेली होती आणि ती उकरायची आता कुणाला हौस नव्हती. आप्पांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर त्यांना उचलणं, पुसणं, भरवणं हे तिघांत वाटलेलं काम होतं. सिस्टर त्यातली मुकादम. ती गेल्यावर दोघं उरली. बारक्या गेला की एक उरणार. बेरीज-वजाबाकीला ताई शाळेत कच्ची होती, पण ही तिला रोज पहाटे न चुकता येत होती.

आता फोनचं सांगायला हवं.

घराच्या खाली आप्पांचा सोफ्यांचा कारखाना. जुन्या खुर्च्या-सोफ्यांची कापडं काढायची, काथ्या आणि फोम बदलायचा, स्प्रिंगा बांधायच्या, नवं कापड चढवायचं. आप्पांच्या हाताला गुण होता, शब्दाला नव्हता. पाहुणे यायच्या आधी हवा असलेला सोफा पाहुणे येऊन, राहून, भांडून परत गेले तरी खाली उघड्या स्प्रिंगांनिशी पडलेला असायचा. त्यामुळे घरातला फोन हा शत्रू. मुलांना बोलता यायच्या आधी एक नियम शिकवलेला होता. आधी "नाही" म्हणायचं, मग कोण बोलतंय ते ऐकायचं. आप्पा आहेत का? नाही. कारखाना उघडा आहे का? नाही. तुम्ही त्यांचे कोण? कोणी नाही. दादाने शाळेत हजेरी घेतानाही एकदा "घरात नाहीत" असं सांगितलं होतं, अशी कथा होती. आई गेली त्या दुपारी मामांचा फोन आला, "माझी बहीण आहे का?" दादा सवयीने म्हणाला, "घरात नाही." त्या घराच्या इतिहासात फोनवर खरं बोललं गेलं ते तेवढं एकदाच.

सिस्टरला सुरुवातीला हे झेपलं नव्हतं. "अहो ताई, माणूस समोर बसून चहा पितोय आणि नाही कसं म्हणायचं?" वर्षभरात तीही तरबेज झाली.

आणि झटका आल्यावर आप्पांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू परत येईल. आला तो एकच शब्द. भूक लागली तरी "नाही", दुखलं तरी "नाही", लाडात आले तरी ताईचा हात धरून "नाही, नाही". घराण्याचा मूळमंत्र तेवढा डोक्यात खोल रुतून बसला होता.

तर तो फोन. भर दुपारी आला. ताई आप्पांचं अंथरूण बदलत होती, एका हातात ओली चादर, आप्पा अर्धे कुशीवर, आणि बारक्या खाली कारखान्यात. तिने मानेत रिसीव्हर धरला. पलीकडून एका बाईने बारक्याचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, ते इथे राहतात का?

"नाही," ताई म्हणाली. तोंडातून आपोआप गेलं ते, शिंक जावी तसं.

बाई घोटाळली. मग तिने नीट सांगितलं, ती व्हिसा कचेरीतून बोलतेय, अर्जावर घरचा म्हणून हाच नंबर आहे, फार वेळ घेणार नाही. "आपण कोण?" बहीण, ताई म्हणाली. "त्यांच्या पत्नी परदेशी जाण्याआधी ते दोघं एकत्र राहत होते का?"

आता इथे सवय नव्हती. इथे एक श्वास होता. त्या श्वासात ताईला हातातल्या चादरीचा वास आला, आप्पांची उघडी पाठ दिसली, खालून बारक्याच्या स्टेपल गनचा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज बंद झालेलं घर ऐकू आलं.

"नाही," ती म्हणाली.

पहिला नकार घराचा होता. दुसरा तिचा स्वतःचा. बाईने आभार मानून फोन ठेवला. ताईने चादर बादलीत टाकली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले.

रविवारी सकाळी दादा आणि वहिनी आले. वहिनीने बिस्किटांचे दोन पुडे आणले, म्हणजे जेवायला थांबणार नव्हती. आप्पांच्या पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या. कारखानदाराच्या घरातल्या खुर्च्या, एकीचंही कापड धड नाही. बारक्याने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आणि पडद्यावर सिस्टर आली. मागे लोखंडी कपाटांची रांग होती, कपडे बदलायच्या खोलीतली. पाळ्यांच्या मधली सुट्टी होती तिची. चेहरा वाळला होता.

"काय खातेस की नाही?" वहिनीने विचारलं.

"खाते हो. वहिनी, वेळ कमी आहे माझ्याकडे." तिने केस कानामागे सारले. "आमच्या हॉस्पिटलच्या बाई व्हिसाचं बघतात. त्यांनी कचेरीत विचारून घेतलं. त्यांचं म्हणणं, हे लग्न खरं नाही. नुसतं कागदावरचं आहे."

"म्हणजे?" दादाचा आवाज चढला. "मी जेवलोय त्या लग्नात! दोनदा वाढून घेतलंय!"

"त्यांच्या कचेरीतल्या एका बाईने घरी फोन केला होता. घरातल्या माणसाने सांगितलं, हे दोघं एकत्र राहत नव्हते."

ताई आप्पांच्या पांघरुणाची किनार सारखी करत राहिली. ती आधीच सारखी होती.

"घरातल्या?" वहिनी म्हणाली. "कुणी?"

"ते त्यांनी सांगितलं नाही. तेच विचारायला बसवलंय."

दादाला राग आला तो खरा होता, पण त्याची मुळं ताईला ठाऊक होती. बारक्या गेला की खालचा कारखाना भाड्याने द्यायचा, असं त्याने एका टायरवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. आणि वहिनीचं मन वेगळीकडे होतं. बारक्या गेला की आप्पांसकट ताई आपल्या दारात येऊन उभी राहील, या धास्तीने ती गेले सात महिने बारक्याला "आप्पांची माया सोडवत नसेल ना रे?" असं विचारत होती. नवराबायको एका रिक्षातून आली होती, पण दोन वेगवेगळ्या गावांना जायला निघालेली.

"वरच्या मजल्यावरचा तो मास्तर असेल," दादा म्हणाला. "त्याचा एक कान इथेच असतो."

"त्याच्याकडे आपला फोन कसा जाईल, दादा?" सिस्टर म्हणाली.

"मग..." दादाने पलंगाकडे पाहिलं, पुन्हा स्टुलावरच्या फोनकडे पाहिलं, आणि मांडीवर थाप मारली. "अरे! आप्पा!"

"काय आप्पा?"

"आप्पांनी उचलला! त्यांना दुसरं येतंय काय? बाईने विचारलं, राहतात का? नाही. एकत्र असतात का? नाही. संपला की व्हिसा!"

वहिनीला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले. मग दादा हसला, मग बारक्याही. आप्पांना वाटलं आपलं काहीतरी कौतुक चाललंय. ते वाकड्या ओठाने हसले आणि म्हणाले, "नाही, नाही." मग तर वहिनीच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

ताईही हसली. आपण हसतोय हे तिचं तिलाच उशिरा कळलं. ज्या माणसाला स्वतःची माशी हाकलता येत नाही, त्याच्या डोक्यावर तिचं पाप बसलं होतं आणि ती हसत होती. तोंड उघडायला हीच वेळ होती. तिने बिस्किटाचा पुडा उघडला.

"चला, मग सोपं झालं," दादा म्हणाला. "डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं. पेशंट आहे, एकच शब्द बोलतो. आठ दिवसांत काम."

"दादा," सिस्टर म्हणाली. ती हसली नव्हती. "फोन आप्पांच्या उजव्या हाताला आहे. उजवी बाजू मेलेली आहे त्यांची."

"अगं, डाव्याने..."

"डावा हात तिथवर पोचत नाही. घंटी वाजली की ते वायर ओढायचे, म्हणून मीच जाताना स्टूल त्या बाजूला सरकवलं."

हसणं खोलीतून निघून गेलं. फक्त आप्पा थोडा वेळ हसत राहिले.

"ताई," सिस्टर म्हणाली.

एवढंच. पुढे काही नाही. ताईने पडद्याकडे पाहिलं. त्या दोघींनी मिळून आप्पांना किती वेळा उचललं होतं. एक खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि "हं" म्हटलं की एकदम. एकमेकींच्या तोंडावरून उचलायची वेळ कळायची त्यांना. आताही कळली.

ताईने तोंड उघडलं. आणि त्याच वेळी बारक्या बोलला.

"मी होतो. मी घेतला फोन."

सगळ्या माना वळल्या. बारक्या खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमधला काथ्या बोटांनी ओढत होता.

"तू?" सिस्टर म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची. नऊ वर्षांत पहिल्यांदा मोठ्यांसमोर 'तू' आलं, तेव्हा वहिनीने बशी खाली ठेवली.

"हो. सवयीने गेलं तोंडातून. तुला माहितीय ना आपल्याकडे कसं आहे ते. पहिल्यांदा नाही म्हटलं, मग... मग फिरवता येईना."

"काय विचारलं बाईने?"

"तेच. राहतात का."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

हा वेडा आपल्याला वाचवतोय, तिला वाटलं. लहानपणी तिच्या हातून बरणी फुटली तरी हाच पुढे व्हायचा, मी फोडली म्हणून. तिला भरून आलं. आणि त्या भरून येण्यातच बळ आलं.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "सिस्टर, मी होते. पहिल्यांदा सवयीने गेलं. दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा मला सगळं कळत होतं, आणि तरी मी तेच म्हटलं."

"ताई!" दादा ओरडला. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? स्वतःच्या भावाचं..."

"तुम्ही थांबा हो," वहिनी त्याच्यावर उसळली. आजवर तिने ताईची बाजू कधी घेतली नव्हती. "आठवड्यातून एकदा बिस्किटं घेऊन येताय आणि आवाज कुणावर चढवताय? इथं राहून बघा चार दिवस." दादा खुर्चीत मागे सरकला. वहिनीलाही आपण काय बोलून बसलो ते उशिरा उमगलं, कारण लगेच तिने सावरून घेतलं, "म्हणजे, आम्ही ठेवून घेऊ असं नाही म्हणत मी."

सिस्टर पडद्यावर हलली नव्हती. तिच्या मागून कुणीतरी आलं, कपाट उघडलं, बंद केलं, गेलं.

"मला शिव्या घाल," ताई म्हणाली. "मी लिहून देते, सही करते, त्या बाईशी परत बोलते. दहादा हो म्हणते. पुन्हा अर्ज करता येतो ना?"

"येतो," सिस्टर म्हणाली. "ताई, तुमचं मला रात्रीच कळलं होतं. फोन घरात घेतं कोण? राग आला, खूप आला. रडले. मग वाटलं, मी तुमच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं." तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले आणि उघडले. "मला तुमचं ऐकायचंच नव्हतं. मला ह्याचं तोंड बघायचं होतं."

"माझं?" बारक्या म्हणाला.

"व्हिसा नाकारला असं मी सांगितलं, त्या दिवशी तू काय म्हणालास आठवतं? 'बरं' म्हणालास. का नाकारला, विचारलं नाहीस. कुणी केलं, विचारलं नाहीस. आणि आत्ता मीच केलं म्हणालास, तेव्हा बघितलं मी. इतकं हलकं तोंड तुझं कधी बघितलं नव्हतं. लग्नातही नाही."

"अगं, ताईला वाचवायला..."

"ताईला नाही वाचवलंस."

बारक्याने काथ्याचा एक लांब धागा बाहेर काढला. तो सगळ्यांकडे बघून हसला. त्याचं नेहमीचं हसू, ज्याने भांडणं थांबायची. आज कुणी त्याला साथ दिली नाही.

"तिथं मी काय करू?" तो शेवटी म्हणाला. "तूच सांगितलंस, तिथं खुर्ची फाटली की लोक नवी आणतात. मी घरात बसू? लोक विचारतील, काय करता, तर सांगू सिस्टरचा डिपेंडंट?"

"हे जायच्या आधी का नाही बोललास?"

"तू एवढी खूश होतीस."

"मी खूश होते म्हणून मला एकटीला पाठवलंस?" तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "सात महिने मी दोन माणसांची खोली भाड्याने घेऊन राहतेय. कारखान्यातलं शिवणाचं मशीन विकायला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणत होतास. गिऱ्हाईक होतं का कुणी? तू काढलं होतंस का विकायला?"

बारक्या काथ्याचा धागा बोटाला गुंडाळत राहिला. ताईला आठवलं, ते शिवणयंत्र त्याने गेल्याच महिन्यात तेल घालून, पुसून, नव्या पट्ट्यासकट ठेवलं होतं. विकायच्या वस्तूला लोक पुसतात, असं समजून तिचा जीव तुटला होता.

"उद्या आमच्या बाई विचारतील, पुन्हा अर्ज करायचा का," सिस्टर म्हणाली. "त्यांना काय सांगू? तू सांग. ताई नाही, दादा नाही. तू."

सगळे बारक्याकडे बघत होते. आणि बारक्या बघत होता ताईकडे. लहान मुलं डॉक्टरपुढे आईकडे बघतात तसा. ताईने मान फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला उत्तर सुचवलं नाही.

"आप्पांचं कोण बघणार गं," तो म्हणाला.

सिस्टरने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा," वहिनी हळूच पुटपुटली आणि उठली. दादा टायरवाल्याला काय सांगायचं या विचारात चपला शोधू लागला. जिन्यावर त्यांची कुजबुज सुरू झाली आणि खालच्या पायरीपर्यंत तिचं भांडण झालं.

"ताई," पडद्यावरून आवाज आला. "मला आप्पांकडे न्या. पाठ दाखवा त्यांची."

ताईने मोबाइल उचलला. बारक्याच्या समोरून नेताना पडद्यावरची सिस्टर त्याच्याकडे बघते का, हे तिने पाहिलं. ती बघत नव्हती. आप्पांना कुशीवर करून ताईने सदरा वर केला.

"माकडहाडाशी लाल आहे. बोटाने दाबा. पांढरं होतंय?"

"होतंय."

"मग अजून कातडी जिवंत आहे. कोरडं ठेवा. एकटीने ओढत जाऊ नका त्यांना, ओढल्यानेच सोलतं. चादरीसकट उचलायचं, दोन्हीकडून." ती थांबली. "आता दोघं आहात ना."

मग मागे कुठेतरी घंटी झाली, ती म्हणाली, "चला, माझी वेळ झाली," आणि पडदा काळा झाला.

ताई तो काळा पडदा हातात धरून उभी राहिली. आपण भावाला अडवलं, असं समजून ती आठ दिवस धड जेवली नव्हती. त्याला अडवणारं कुणीतरी हवंच होतं. ती नसती तर त्याने भिंतीला सांगितलं असतं, अडव म्हणून. आणि त्या दोघांच्या मध्ये एक बाई परक्या देशात दोन माणसांच्या खोलीचं कुलूप उघडायला एकटी जाणार होती.

"फार चिडली का गं ती?" बारक्याने विचारलं. "होईल ना शांत? तू बोल ना जरा तिच्याशी. तुझं ऐकते ती."

"तिकडून चादर धर," ताई म्हणाली.

तो लगबगीने उठला. पलंगाच्या पलीकडे गेला, बाह्या सरसावल्या, चादरीची दोन्ही टोकं मुठीत गच्च धरली. गेले सात महिने तो आप्पांना पाहुण्याच्या पेटीसारखा हात लावायचा, सांभाळून, आता निघायचंच आहे असा. आज पाय रोवून उभा होता. चेहऱ्यावर रंग होता. आप्पा अलगद वर उचलले गेले, इतके अलगद की त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

"बघ," बारक्या म्हणाला, "जमतंय की नाही आपल्याला?"

ताईने आपल्या बाजूची टोकं आणखी घट्ट धरली, कारण सोडून द्यावीशी वाटत होती.